सांगलीत आरोग्यदायी फास्ट फूडची साखळी: पहिल्याच वर्षी पाच दुकानं टाकावीत का?

प्रश्न विचारणारे मूळचे विट्याचे, सध्या पुण्यात आयटीत आहेत. लंडनच्या ‘लिऑन’ या आरोग्यदायी फास्ट फूड साखळीच्या संस्थापकांबद्दल त्यांनी वाचलं. शाळूची म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, उसळी आणि कोशिंबिरी घेऊन तसंच काहीतरी सांगली-मिरजेत उभं करावं, असं त्यांच्या मनात आहे. मामा कोईमतूरला गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत आणि पैसे घालायला तयार आहेत. पहिल्याच वर्षी पाच दुकानं टाकू, असं मामांचं म्हणणं आहे. तेव्हा नोकरी सोडावी का आणि पाच दुकानांनी सुरुवात करावी का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी सांगलीत याच धंद्यात आहे. विश्रामबागला एक काउंटर, मिरजेत दवाखान्यांच्या पट्ट्यात दुसरा आणि दोन्हींना माल पुरवणारं कुपवाड रस्त्यावरचं स्वयंपाकघर, एवढा माझा पसारा. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

नोकरी आणि दुकानांचा आकडा यांआधी एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे हवं. तुम्ही जागेवर नसताना, महिन्याभरापूर्वी कामाला लागलेल्या माणसाच्या हातून, दुपारी दीडच्या गर्दीत तेच ताट बाहेर पडेल का? एक चांगलं दुकान चालवणं आणि साखळी चालवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात तुमचा हात विकला जातो, दुसऱ्यात तुमची पद्धत. आणि पदार्थ ताजा, कमी तेलाचा, न तळलेला असेल तर ती पद्धत बसवणं फार अवघड जातं.

वडापावच्या साखळ्या बघा. जंबोकिंग २००१ मध्ये मालाडला सुरू झाली, गोली वडापाव २००४ मध्ये कल्याणला. गोलीनं वडा कारखान्यात बनवून गोठवला आणि दुकानात फक्त तळायचं काम ठेवलं. तेलाचं तापमान आणि मिनिटं ठरलेली असली की तळणारा मुलगा नवा असला तरी वडा तोच राहतो. आपल्या सांगलीचं भडंगही टिकतं, म्हणूनच ते पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोचलं. भाकरीचं तसं नाही.

शाळूचं पीठ दळून आठ-दहा दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी कडेला चिरते. मग उकळत्या पाण्यात पीठ भिजवून ती कशीबशी सावरावी लागते. आमच्याकडे जतकडची मालदांडी ज्वारी येते आणि दळण एक दिवसाआड होतं. थापणाऱ्या दोघी बचत गटातल्या आहेत. पाण्याचा अंदाज त्या हातानं घेतात. पावसाळ्यात पीठ हवेतली ओल धरतं, तेव्हा पाणी कमी लागतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, विस्तवावर फुगली, की तिथून घड्याळ सुरू होतं. दहा मिनिटं ती मऊ असते, वीस मिनिटांनी कडा ताठ होतात. गरमगरम डब्यात बंद केली तर वाफेनं ओली आणि चिवट होते. ती स्विगीवाल्याच्या पिशवीतून वारणालीपर्यंत गेली की गिऱ्हाईक म्हणतं, तुमची भाकरी शिळी होती. भाकरी शिळी नसते, पण गिऱ्हाईकाचं म्हणणंही खोटं नसतं.

म्हणून माझा मेनू मी चवीच्या आधी वेळेवर बसवला. भाजणी, चटण्या, मसाले चांगले टिकतात, ते स्वयंपाकघरात वजनावर होतात. उसळी काही तास गरम राहतात, त्या सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन खेपांत काउंटरवर येतात. कोशिंबिरीला मीठ लागलं की पाणी सुटतं, त्यामुळे चिरलेलं वेगळं, दही वेगळं आणि मीठ-दाण्याचं कूट ताट वाढताना. पिठलं घट्ट होत जातं, ते आम्ही ठेवतच नाही. झुणका ठेवतो. भाकरी फक्त काउंटरवर बसून खाणाऱ्याला. पार्सलला थालीपीठ किंवा धपाटं. भाजणीचं वजन आणि पाण्याचं माप ठरवून दिलं की नवी मुलगीसुद्धा आठवड्यात थालीपीठ नीट थापते. भाकरीला तिला महिने लागतात. तुम्हाला साखळी करायची असेल तर मी धपाटं आणि थालीपीठ पुढे ठेवीन आणि भाकरी हा एकाच दुकानाचा मान ठेवीन.

आता लिऑनकडे येते. त्या संस्थापकांची वाटचाल तुम्ही मनावर घेतली आहे आणि तिच्यात शिकण्यासारखं खूप आहे. जॉन व्हिन्सेंट आणि हेन्री डिम्बलबी हे दोघं बेन अँड कंपनीत सल्लागार होते. कामासाठी सतत फिरती आणि हायवेवर धड खायला मिळत नाही, या त्रासातून कल्पना निघाली. पुण्याहून विट्याला येताना तुम्हीही हे भोगलं असेल. पण तिघांपैकी तिसऱ्या भागीदाराकडे लोकांचं सहसा लक्ष जात नाही. ॲलेग्रा मॅकएव्हेडी या शिकलेल्या शेफ होत्या. डिम्बलबी स्वतःही सल्लागार होण्याआधी ब्रुनो लूबे या शेफच्या स्वयंपाकघरात सगळ्यात खालच्या पायरीवर राबले होते. म्हणजे हिशोब जाणणारी माणसं आणि हात चालणारी माणसं पहिल्या दिवसापासून एकत्र होती. तुमच्या पत्रात हिशोब आहे, भांडवल आहे, पण स्वयंपाक कोण सांभाळणार ते कुठेच नाही. आई छान करते, हे उत्तर इथे पुरणार नाही. रोज शंभर माणसांना सारखं वाढलेला माणूस भागीदार म्हणून, निदान पगारावर, हवा. त्याच्याशी पाककृतींची मालकी कुणाची आणि तो सोडून गेला तर काय, हे सुरुवातीलाच कागदावर घ्या.

त्यांचं पहिलं दुकान जुलै २००४ मध्ये लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवर उघडलं. मेनूत नुसती पानं नव्हती. भातावर वाढलेले गरम पदार्थ होते, मीटबॉल होते, पुढे तळण्याऐवजी भाजलेले फ्राइज आले. आरोग्यदायी म्हणजे कच्चं आणि थंड, असा त्यांनी अर्थ लावला नाही. सांगलीत तर हे फारच लागू पडतं. आपल्याकडे दुपारी जेवण लागतं. सॅलडचा वाडगा माणूस एकदा उत्सुकतेनं घेईल, पण दुसऱ्या दिवशी तो परत खानावळीत जाईल. मटकीची उसळ, धपाटं, दही आणि कांदा समोर ठेवला तर तो उद्याही येईल, आणि त्यात तेल किती घालायचं हे तुमच्या हातात राहील.

२०२१ मध्ये लिऑन ईजी ग्रुपला सुमारे १० कोटी पौंडांना विकली गेली. तेव्हा स्वतःची आणि फ्रँचायझीची मिळून सत्तरच्या आसपास दुकानं होती. सतरा वर्षांत सत्तर म्हणजे वर्षाला सरासरी चार. तेही लंडनच्या गर्दीत, तिथल्या भांडवलावर. मामांचा बेत याच्याशी ताडून बघा. पुढे २०२३ मध्ये साखळी असडा या सुपरमार्केट कंपनीकडे गेली, ऑक्टोबर २०२५ मध्ये जॉन व्हिन्सेंट यांनी ती परत विकत घेतली आणि डिसेंबरात तोट्यातली दुकानं बंद करण्यासाठी प्रशासक नेमावे लागले. ज्यानं साखळी उभी केली त्याला परत आल्यावर आधी दुकानं कमी करायला लागली. चालत नसलेलं दुकान रोज भाडं आणि पगार खातं, बोर्डावर नाव कितीही मोठं असो.

वेग वाढवल्यावर काय होतं, याचं वेगळं उदाहरण कॅनडात आहे. मॅथ्यू कॉरिन न्यूयॉर्कला ऑस्कर दे ला रेंटा या फॅशन घराण्यात नोकरीला होते. २००५ मध्ये त्यांनी टोरांटोत पुढे ‘फ्रेशी’ म्हणून ओळखली गेलेली आरोग्यदायी खाण्याची साखळी काढली आणि फ्रँचायझी देत झपाट्यानं वाढवली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा शेअर ११.५० कॅनडियन डॉलरला दिला होता. त्याच वर्षी दुकानांचं जाहीर केलेलं लक्ष्य खाली आणावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये फूडटास्टिक या कंपनीनं ती घ्यायचं ठरवलं, तो भाव होता २.३० डॉलर. कॉरिन यांची धडाडी मला आवडते, फॅशनमधून येऊन त्यांनी दुकानाची मांडणी आणि नाव यांत खरंच नवं काही केलं. पण किती दुकानं उघडणार हे एकदा बाहेरच्या पैशाला कबूल केलं की दुकानं आकड्यासाठी उघडली जातात. तुमच्याकडे शेअर बाजाराच्या जागी मामा आहेत. नातं जवळचं असल्यामुळे दडपण कमी नसतं, उलट दिवाळीला घरी ते जास्त जाणवतं.

इथवर एवढंच म्हणते आहे की स्वयंपाकाचा माणूस आधी, टिकणारा मेनू त्यानंतर, आणि दुसरं दुकान पहिल्यानं परवानगी दिल्यावर.

परवानगी म्हणजे काय, ते पैशात सांगते. समजा, थालीपीठ-उसळीचं ताट १२० रुपयांना आहे. त्यात कच्चा माल ३८, मजुरी २४, भाडं १२, गॅस-वीज ६, वाया गेलेलं ६, आणि बसून खाणाऱ्यामागे कागदी रुमाल वगैरेचे २. खर्च ८८, हाती ३२. तेच ताट ॲपवरून गेलं तर कमिशन ठरावाप्रमाणे बदलतं, पण पाव भाग धरून चाला. १२० चे ९० झाले. डब्याचे २ ऐवजी ९ रुपये लागले. खर्च ९५, म्हणजे पाच रुपये तोटा. ॲप वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, नवीन गिऱ्हाईक तिथून मिळतं. पण ज्या दुकानाची निम्मी विक्री ॲपवर आहे ते भरलेलं दिसतं आणि आतून पोकळ असतं, आणि अशा दुकानाकडे बघून दुसरं उघडलं जातं. शिवाय रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो तो इनपुट क्रेडिटशिवाय. मशिनरी, डबे, दुकानाचं भाडं यांवर तुम्ही भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो तुमच्या खर्चातच धरायचा. आयटीतली माणसं एक्सेलमध्ये ही ओळ हमखास विसरतात.

वाया जाण्याचे सहा रुपये मी मुद्दाम वेगळे लिहिले. तळलेल्या पदार्थाच्या धंद्यात हा आकडा लहान असतो. काकडी, कोथिंबीर, मोड आलेले मूग, दही यांच्या धंद्यात तो तुम्हाला खाऊन टाकू शकतो. म्हणून एक जिन्नस निदान तीन पदार्थांत वापरला जाईल असा मेनू हवा. आमच्याकडे मूग सकाळी धिरड्याला, दुपारी उसळीला, संध्याकाळी वाफवून चाटसाठी जातो. एकाच पदार्थाला लागणारी भाजी मी यादीत येऊ देत नाही, मग ती कितीही पौष्टिक असो.

ही तूट कमी करायचा आणखी एक मार्ग ठरलेल्या संख्येची ऑर्डर हा आहे. व्हिन्सेंट आणि डिम्बलबी यांच्या वाटचालीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग इथे येतो. ब्रिटिश सरकारसाठी त्यांनी इंग्लंडमधल्या शाळांतल्या जेवणाचा आराखडा तयार केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की सरासरी ४३ टक्केच मुलं शाळेतलं जेवण घेतात आणि निम्म्याच्या वर मुलं जेवल्याशिवाय ते स्वयंपाकघर तोट्यातून निघत नाही. जेवणारे कमी म्हणून ताट महाग, ताट महाग म्हणून जेवणारे कमी. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये पहिल्या तीन इयत्तांच्या मुलांना मोफत जेवण मिळू लागलं, त्यामागे या आराखड्याची शिफारस होती. आपल्या धंद्याला हे जसंच्या तसं लागू आहे. मिरजेत दवाखाने, नर्सिंगची वसतिगृहं आणि रुग्णांचे नातेवाईक आहेत, सांगलीत वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची मुलं आहेत. रोज सकाळी दहापर्यंत आकडा कळवणारी साठ-सत्तर डब्यांची एक ऑर्डर तुमचं स्वयंपाकघर सावरून धरते. काउंटरवरची विक्री मग त्यावरची कमाई होते. मी दुसरा काउंटर मिरजेत टाकला तो या डब्यांच्या जिवावर, रस्त्यावरची गर्दी बघून नाही.

आता स्वच्छतेबद्दल, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे. ताज्या, न तळलेल्या अन्नात जंतूंना मारणारं गरम तेल नसतं. अमेरिकेतली चिपोटले ही साखळी स्टीव्ह एल्स या शेफनं १९९३ मध्ये डेन्व्हरला काढली, ताज्या मालावर नाव कमावलं आणि २०१५ मध्ये ई. कोलाय आणि नोरोव्हायरसच्या साथींत सापडली. २०१५ ते २०१८ मधल्या अशा घटनांत ११०० हून अधिक माणसं आजारी पडली, आणि २०२० मध्ये कंपनीनं अडीच कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली. आपलं एका दिवसात दुकान बंद होईल, आणि मिरजेत गिऱ्हाईक आजारी माणसाजवळ बसलेलं असतं हे विसरू नका.

मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. म्हणून माझ्याकडे मोड आलेलं कडधान्य कच्चं वाढलं जात नाही, वाफवूनच जातं. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली, मधल्या पट्ट्यात रेंगाळायचं नाही. उसळीच्या पातेल्यात थर्मामीटर घालून आकडा वहीत लिहायचा, हे काम काउंटरवरची मुलगी करते आणि आकडा खाली गेला तर पातेलं परत गॅसवर जातं, मला फोन न करता. दुसरं दुकान उघडायची वेळ झाली की नाही हे मी त्या वहीवरून ठरवते. मी आठवडाभर गावाला गेले आणि वहीतले रकाने रोजच्यासारखे भरलेले, तर दुकान माझ्याशिवाय चालतं.

पाट्यांवर काय लिहायचं याचंही भान ठेवा. ‘मधुमेह बरा करणारी भाकरी’, ‘वजन घटवणारं थालीपीठ’ असं लिहू नका. असे दावे एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांत बसत नाहीत आणि ते खरेही नसतात. ‘शाळू, हरभरा, मूग यांची भाजणी, एका थालिपिठाला एक चमचा तेल’ असं लिहा. वाचणाऱ्याला त्याचा डॉक्टर जे सांगतो त्याच्याशी ते ताडून बघता येतं. साखळी दहा ठिकाणी पोचली की मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी दाखवणं बंधनकारक आहे. तोवर वजनावर स्वयंपाक करायची सवय लागलेली असेल तर ते जड जात नाही.

जागेबद्दल सांगलीपुरती एक गोष्ट. काउंटर कुठेही असो, स्वयंपाकघर पूररेषेच्या वर घ्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ मध्ये पुन्हा गावात शिरलं. नदीकडच्या पेठांत भाडं कमी सांगतील. फ्रीज, चक्की, धान्य पाण्यात गेलं की ते वाचलेलं भाडं काही कामाचं नाही.

आता नोकरी. हे खरोखर तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. हप्ते किती, घरात दुसरा पगार आहे का, आईवडील कुणावर अवलंबून आहेत, हे मला माहीत नाही. घरखर्चाची वर्षभराची तजवीज बाजूला नसेल तर सोडू नका. धंद्यातून पहिलं वर्ष पगार निघत नाही, आणि घरखर्चासाठी गल्ल्यात हात घातला की हिशोब बिघडतो. तजवीज असेल, तरी आधी रजा घेऊन किंवा शनिवार-रविवार धरून कुणाच्या तरी खानावळीत आत, चुलीजवळ, काम करा. भांडी कोण घासतं, सकाळी सहाला न आलेल्या माणसाचं काम कोण करतं, हे तिथे कळतं. ते तुम्हाला मानवलं तर राजीनाम्याचा विचार करा. मानवलं नाही तर मामांच्या पैशाला हात न लावता मोकळे व्हाल, तेही चांगलंच.

मामांचे पैसे घ्या, पण टप्प्यानं. पहिल्या हप्त्यात एक काउंटर आणि तीन काउंटरना पुरेल एवढं स्वयंपाकघर. दुसरा हप्ता केव्हा, हे आजच लिहून ठेवा: पहिल्या दुकानानं एक पूर्ण पावसाळा काढलेला असावा, ॲप सोडून काउंटरची आणि डब्यांची विक्री खर्च भागवत असावी, आणि तुम्ही सलग पंधरा दिवस नसताना वही नीट भरलेली असावी. मामांना हे पटवणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. गलाईतली माणसं सोनं आटवून, कसाला लावून मगच भाव बोलतात, ‘आधी तपासू’ हे त्यांना समजतं. पैसे कर्जाऊ आहेत की भागीदारीतले, तेही स्टॅम्पपेपरवर करा.

उघडायचंच ठरलं तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उघडा. तेव्हा जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा नवा शाळू बाजारात येतो, वर्षाचं धान्य एकदम भरून ठेवता येतं, आणि पाऊस सुरू होण्याआधी माणसं शिकवायला तीन महिने हाताशी राहतात.